पालकांच्या स्वमदत गटात बहिणीने गेलेलं चालतं का? (आणि आमटीतल्या गोळीचं काय करू)

घाटावरची
रविवार, रात्री 11.40

बरीच वर्षं इथे वाचनमात्र आहे. लिहिते पहिल्यांदाच, लांबलं तर सांभाळून घ्या.

माझा धाकटा भाऊ 29 वर्षांचा. आयटीआय फिटर. शिरवळला एमआयडीसीत कामाला होता. 2019च्या दिवाळीनंतर एक दिवस बॅग घेऊन घरी आला आणि म्हणाला, सुपरवायझरने माझ्या लॉकरमध्ये कॅमेरा बसवलाय. आमचं घर कराडच्या बाजूला, गावाचं नाव लिहीत नाही. पहिलं दीड वर्ष आम्ही काय केलं ते सांगायची लाज वाटते. एक देवऋषी, एक दर्गा, कोल्हापूरकडचे एक महाराज, आणि "लग्न लावून द्या, ताळ्यावर येईल" म्हणणारे मामा. लग्न लावलं नाही एवढी अक्कल आम्हाला होती. मग सातारला मनोविकारतज्ज्ञांकडे नेलं. स्किझोफ्रेनिया. गोळ्यांनी इतका सुधारला की सहा महिने गावातल्या गॅरेजमध्ये कामाला जात होता. मग "आता मी बरा आहे" म्हणून गोळ्या बंद. पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. असं तीनदा झालं.

तिसऱ्या वेळी तो गोळीला हातच लावेना. तेव्हा आईने गोळी खलबत्त्यात कुटून त्याच्या आमटीत घालायला सुरुवात केली. चार महिने चाललं. मला माहीत होतं. खरं सांगायचं तर फोनवर "वाटीत घाल, पातेल्यात नको" हे मीच सांगितलं होतं. एका संध्याकाळी तो पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेला आणि त्याने बघितलं.

आधी त्याला वाटायचं की आपल्या जेवणात कोणीतरी काहीतरी घालतंय. आम्ही म्हणायचो, अरे वेड्या, असं कोण करेल? आणि मग आम्हीच केलं.

त्या दिवसापासून, म्हणजे सात आठवडे झाले, तो घरचं अन्न खात नाही. दुकानातून बिस्किटाचे पुडे आणतो, चिकटवलेली कड नीट तपासतो, मग फोडतो. पाणी बोअरच्या नळाखाली ओंजळ धरून. वजन नऊ किलो उतरलंय. आई ताट वाढते, झाकून ठेवते, सकाळी गाईला घालते.

अण्णा साखर कारखान्यात ऊसकाट्यावर क्लार्क होते, दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. आता दिवसभर ओसरीवर बसून ह्याच्यावर नजर. उठला का, अंघोळ केली का, कुणाशी बोलतोय. तो आत गेला की अण्णा आत, तो बाहेर आला की अण्णा बाहेर.

डॉक्टर म्हणाले, पुण्यात अशा रुग्णांच्या नातेवाइकांचा स्वमदत गट भरतो, तुमच्यापैकी कुणीतरी जा. अण्णांचं उत्तर: "घरातलं रडगाणं पुण्याला जाऊन गायचं?" आई म्हणते गुडघे दुखतात. उरले मी. मी चिंचवडला असते, दोन लहान मुलं आहेत, आणि सारखी माहेरी पळते म्हणून सासरी आधीच कुरबुर आहे.

तर विचारायचं हे की तिथे नक्की करतात काय? सगळे आईबापच असतात का? मी नुसती बहीण. आणि भाऊ येणारच नसेल तर मी जाऊन उपयोग काय? आमटीचं कुणाला विचारायचं तेही कळत नाही. डॉक्टरांना सांगायची हिंमत झाली नाही.

— — —

पेठेतला म्हातारा
सोमवार, सकाळी 6.15

ताई, आम्हीही घातली होती. आमटीत नाही, दुधात. 2006 साल. मुलाने दूध सोडलं ते आजतागायत. चहासुद्धा कोरा पितो. हे आधी सांगितलं म्हणजे पुढचं तुम्हाला मोकळेपणाने वाचता येईल.

माझं वय 71. बँकेतून निवृत्त. मुलगा 44चा, इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला असताना आजार सुरू झाला. मी गटाला जातो त्याला चौदा वर्षं झाली. पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन आहे, आम्ही सगळे नुसतं 'सा' म्हणतो. कॅनडात कॅलगरीला संख्याशास्त्र शिकवणारे जगन्नाथ वाणी, मूळ धुळ्याकडचे, त्यांच्या पत्नीलाच हा आजार होता. त्या माणसाने तिकडे राहून इकडे हे काम उभं केलं. म्हणजे गटाचा पायाच नातेवाइकाने घातलेला आहे, डॉक्टरने नव्हे. हा फरक तिथे गेल्यावर कळतो.

काय करतात? पहिल्या दिवशी मी मुलाची फाइल घेऊन गेलो होतो. 2001पासूनची प्रिस्क्रिप्शनं तारखेवार लावलेली, बँकेची सवय. फाइल कुणी उघडलीसुद्धा नाही. गोल मांडलेल्या खुर्च्या, मधे कुणाची तरी पाण्याची बाटली. शेजारच्या गृहस्थांनी विचारलं, "तुमचा मुलगा सकाळी किती वाजता उठतो?" म्हटलं, साडेअकरा. तर समोरच्या बाई म्हणाल्या, "नशीबवान आहात, आमची दोन वाजता." आणि पुढची तीस-पस्तीस मिनिटं अठरा माणसं एकाच विषयावर बोलली: उठवायचं की नाही, उठवायचं तर कुणी, आणि पंखा बंद करणं हा उठवण्याचा मार्ग आहे की छळाचा. मला वाटलं, कुठे येऊन पडलो. घरी येताना रिक्षात लक्षात आलं की गेल्या दहा वर्षांत इतका वेळ माझ्या घरातल्या गोष्टीवर कुणी बोललंच नव्हतं. नातेवाईक विचारतात "आता कसा आहे?" आणि उत्तर येण्याआधी पोहे पुढे करतात.

बहीण चालते का, तर धावते. आमच्यात तीन बहिणी आहेत, एक मेहुणा आहे, एक सूनबाई आहेत. उलट आम्हा म्हाताऱ्यांचा सगळ्यात मोठा प्रश्न 'आमच्या पश्चात काय' हा असतो, आणि त्याचं उत्तर म्हणजे बहुतेक वेळा बहीणच असते. तुम्ही आलात की दहा जण तुमच्याकडे आशेने बघतील, त्याची तयारी ठेवा.

जेवणाबद्दल आमच्या गटात मिळालेली एक युक्ती सांगतो. सालीची वस्तू ठेवा. केळी, अख्खी मोसंबी, भुईमुगाच्या शेंगा, उकडलेली अंडी कवचासकट. साल शाबूत असली की त्याला स्वतःला तपासता येतं. "खा" म्हणायचं नाही. टोपलीत ठेवायचं आणि तिथून निघून जायचं. निघून जाणं सगळ्यात अवघड, माझ्या बायकोला ते अजून जमत नाही.

— — —

ठाण्यातली
सोमवार, दुपारी 1.05

मी मनोविकार क्षेत्रात समाजकार्यकर्ती म्हणून वीस वर्षं काम करते. काकांनी बरंच सांगितलं, मी राहिलेलं लिहिते.

आधी तातडीचं. सात आठवड्यांत नऊ किलो ही गटाची वाट बघत बसण्याची गोष्ट नाही. ह्या आठवड्यात डॉक्टरांना फोन करा आणि आमटीचं सांगा. ते रागावले तर रागावू देत. त्यांच्या कागदावर तो नियमित गोळी घेतोय, आणि प्रत्यक्षात सात आठवडे बंद आहे. पुन्हा सुरू करायची तर किती मात्रेने, हे त्यांना खरी तारीख कळल्याशिवाय ठरवता येणार नाही. घरच्या घरी जुनी मात्रा पुन्हा चालू करू नका. महिन्याने घ्यायचं इंजेक्शन असतं, त्याबद्दल विचारा. काही जणांना ते रोजच्या गोळीच्या कटकटीपेक्षा बरं वाटतं, कारण रोज कुणी "घेतलीस का?" विचारत नाही. पण तेही त्याला सांगून, त्याच्या होकाराने. तो अगदीच खाईना, किंवा स्वतःला अगर दुसऱ्याला इजा करेल असं वाटलं, तर 2017च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात नातेवाइकांच्या विनंतीवरून तीस दिवसांपर्यंत दाखल करण्याची सोय आहे. त्याला अटी आहेत, दोन तज्ज्ञांनी स्वतंत्रपणे तपासावं लागतं. रात्री-अपरात्री कुणाशी बोलायचं झालं तर टेली मानस ही सरकारी हेल्पलाइन, 14416. फुकट आहे, मराठीत बोलता येतं. 2022पासून सुरू आहे आणि गावाकडच्या फार थोड्या लोकांना माहीत आहे.

आता अण्णांबद्दल. ओसरीचं वाचून मी दोन मिनिटं थांबले. लंडनमध्ये जॉर्ज ब्राउन नावाच्या संशोधकाने 1950च्या दशकात एक गोष्ट पाहिली. रुग्णालयातून सुटून आईवडिलांकडे किंवा जोडीदाराकडे परतलेले रुग्ण, भाड्याच्या खोलीत राहायला गेलेल्यांपेक्षा जास्त वेळा पुन्हा आजारी पडत होते. प्रेम कमी होतं म्हणून नव्हे. पुढे मोजमाप झालं तेव्हा तीन गोष्टी हाती लागल्या: सततची टीका, राग, आणि जरुरीपेक्षा जास्त गुंतणं. अशा घरात आठवड्याला 35 तासांहून जास्त वेळ समोरासमोर गेला तर धोका आणखी वाढतो. चंदीगडला 1980च्या दशकात हेच तपासलं तेव्हा आपल्याकडच्या कुटुंबांत हे प्रमाण लंडनपेक्षा बरंच कमी दिसलं, त्यामुळे लगेच घाबरून जाऊ नका. पण अण्णा निवृत्त झाल्यापासून दिवसाचे किती तास समोर आहेत, ते तुम्हीच मोजा.

नातेवाइकांचा गट ह्याच्यासाठी असतो. तुमच्या भावाला तिथे कुणी बरं करत नाही. रोज संध्याकाळी त्याच्या कानावर जी वाक्यं पडतात ती बदलतात, आणि तो न येताही ती बदलू शकतात.

ठाणे जवळ पडत असेल तर आयपीएचमध्येही (इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ) हे काम चालतं, डॉ. आनंद नाडकर्णींनी 1990मध्ये सुरू केलेली संस्था. पण तुम्हाला पुणंच सोयीचं.

— — —

सहा ते सात
सोमवार, रात्री 10.20

थोडा वेगळा सूर लावते, राग मानू नका.

माझ्या नवऱ्याला बायपोलर आहे आणि वर दारू. मी आधी एका गटाला गेले (कुठला ते लिहीत नाही, पुण्यातला नव्हता) आणि तीन वेळा जाऊन सोडला. कारण तिथे एक गृहस्थ होते, त्यांच्या मुलीला अमुक काढ्याने बरं वाटलं होतं आणि ते दर वेळी पत्ता वाटायचे. थांबवणारं कुणी नव्हतं. दुसऱ्या एक बाई मला म्हणाल्या, "तुम्ही जरा नटून राहा, पुरुषाचं मन रमतं." मी त्या दिवशी बसमध्ये रडले. तेव्हा गट म्हटलं की चांगलाच असं नसतं. पहिल्या दिवशी दोन गोष्टी बघा. कुणी औषध सुचवायला लागलं तर चालवणारा माणूस अडवतो का? आणि तुमचं बोलणं मधे तोडून "आमच्याकडे तर" असं सुरू होतं का?

नंतर मला मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रातल्या सहचरी गटाचं कळलं. व्यसनी माणसांच्या बायकांचा गट. तिथे मी टिकले. तिथे कुणी मला नवऱ्याला कसं सुधारायचं ते शिकवलं नाही. त्याने ऑफिसला दांडी मारली की "ताप आलाय" असा फोन मी करायचे, तो करायचा नाही, एवढं शिकवलं. दिसायला एक फोन. तो न करायला मला पाच महिने लागले.

सासरच्या कुरबुरीबद्दल: दर महिन्याला ठरलेला दिवस, ठरलेली वेळ. मी घरात "क्लास आहे" म्हणून सांगायचे. माझं टोपणनाव त्यावरूनच.

— — —

अर्धी गोळी
मंगळवार, पहाटे 3.50

मी ह्या धाग्यातल्या भावाच्या जागेवरचा माणूस आहे. वय 36, निदान 2013चं. काम करतो, एका ग्रंथालयात पुस्तकांना नंबर घालतो. वेळ बघून काळजी करू नका, मला रात्री जाग असते.

सगळं वाचलं. सगळ्यांनी चांगल्या मनाने लिहिलंय. पण तीन प्रतिसादांत त्याचं काय म्हणणं असेल हे एकानेही विचारलं नाही, म्हणून लिहितो.

तो गोळी का सोडत होता? प्रत्येक वेळी "बरा झालो म्हणून" असं घरचे सांगतात. माझं वजन पहिल्या वर्षात 18 किलो वाढलं होतं. सकाळी डोकं ओल्या पोत्यासारखं. हात इतके थरथरायचे की चहाचा कप मी दोन्ही हातांनी धरायचो, आणि शेजारची पोरं बघायची. बाकीचं इथे लिहीत नाही, लग्नाच्या वयाचा कुठलाही पुरुष समजेल. फिटरचे हात थरथरले तर तो काम कसं करणार? हे त्याला कुणी विचारलं का? मी विचारल्यावर माझ्या डॉक्टरांनी औषध बदललं. विचारायला मला चार वर्षं लागली, कारण तपासणीच्या खोलीत सगळं बोलणं बाबाच करायचे.

आमटीबद्दल. त्याला सांगा. "आम्ही घातली होती, चार महिने, आता घालत नाही" एवढंच. "तुझ्याच भल्यासाठी" हे शब्द जोडू नका, ते आम्ही इतक्यांदा ऐकलेलं असतं की पुढचं ऐकू येत नाही. माझ्या घरीही मला संशय होता, आणि घरचे सात वर्षं "तुझा भ्रम आहे" म्हणत राहिले. खरं काय ते मला आजीने मरणाच्या आधी सांगितलं. म्हणजे मला जे खरं दिसलं होतं त्यालाही मी आजार म्हणत होतो. मग आजार कुठला आणि डोळे कुठले, हे माणसाने ओळखायचं कसं?

नातेवाइकांचा गट वेगळा आणि आमचा वेगळा असतो, काही ठिकाणी दोन्ही चालतात. त्याला आज ओढून नेऊ नका. पण असा गट आहे हे त्याच्या कानावर घालून ठेवा. आमच्यात एक जण आहे, त्याला आवाज येतात तेव्हा तो मोबाइल कानाला लावून आवाजाशी बोलतो, म्हणजे बसस्टॉपवर कुणी बघत नाही. ही युक्ती मला कुठल्या डॉक्टरने सांगितली असती?

— — —

पेठेतला म्हातारा
मंगळवार, सकाळी 6.05

अर्धी गोळी, तुमचा प्रतिसाद मी दोनदा वाचला. मुलाबरोबर खोलीत जाऊन सगळं बोलणं मीच करत आलोय. फाइल घेऊन. पुढच्या वेळी बाहेर बसतो.

— — —

घाटावरची
तीन आठवड्यांनी, शनिवार, दुपारी 4.30

उशीर झाला, माफ करा. सगळ्यांना एकेक उत्तर देणं जमणार नाही, झालं ते लिहिते.

डॉक्टरांना दुसऱ्याच दिवशी फोन केला. रागावले नाहीत. म्हणाले, महिन्याला निदान दोन घरं हे कबूल करतात. रक्त तपासलं, हिमोग्लोबिन कमी निघालं, बाकी ठीक. थरथरीचं मी भावाला विचारलं. फोनवरच, कारण समोर मला झालं नसतं. तो बराच वेळ गप्प बसला आणि म्हणाला, "पान्हा पकडता येत नव्हता गं. मालक हसला." गॅरेज ह्यासाठी सुटलं होतं. आधी नोकरी सुटली की गोळी, हे आम्ही इतकी वर्षं उलटं सांगत होतो.

आमटीचं आईने सांगितलं. मी सांगणार होते, पण ती म्हणाली, कुटली मी, सांगीन मी. ओसरीच्या पायरीवर बसून सांगितलं. अर्धी गोळी, तुम्ही सांगितलेले शब्द मी तिला वहीत लिहून दिले होते. तरी शेवटी "तुझ्यासाठीच रे" आलंच तिच्या तोंडून. तो काही बोलला नाही. उठून शेताकडे गेला, दिवेलागणीला परत आला. घरात भांडण नाही, रडारड नाही. मला वाटलं, फुकट गेलं.

टोपली मी आणून ठेवली. केळ्यांना पाच दिवस हात लागला नाही, काळी पडली. अंडी आई उकडून ठेवायची, तीही तशीच. मग सहाव्या दिवशी त्याने स्वतः दुकानातून चार कच्ची अंडी आणली, चुलीवर स्वतः पाणी ठेवलं, आणि अंडी उकळेपर्यंत तिथेच उभा राहिला. एक खाल्लं. तीन आईसमोर ठेवून गेला. आईने ती खावी की ठेवावी ह्यावर तिने मला रात्री साडेदहाला फोन केला. मी म्हटलं, खा.

गटाला मागच्या रविवारी गेले. काका, तुम्ही तिथे होतात की नाही कळलं नाही, फाइलवाले कुणी दिसले नाहीत. चौदा जण होतो. मी काही बोलणार नव्हते, पण एका आजोबांनी विचारलं, "तुमच्याकडे कोण?" म्हटलं, भाऊ. ते म्हणाले, "माझीही बहीण. पंचेचाळीस वर्षं झाली." मग मी वीस मिनिटं बोलत होते. खलबत्ता म्हटल्यावर कुणी दचकलं नाही. दोघी जणी हसल्या, पण वाईट नाही, ओळखीचं हसल्या.

अपंगत्व प्रमाणपत्राचंही तिथेच कळलं. 2016च्या कायद्यात मानसिक आजार धरलेला आहे आणि 40 टक्के किंवा त्याहून जास्त आलं तर सवलती मिळतात, हे आम्हाला सहा वर्षांत कुणीच सांगितलं नव्हतं. अण्णांना हे पटलं! रडगाणं नको, पण दाखला म्हटल्यावर त्यांनी कागद काढायला घेतले. काट्यावरचा माणूस, त्याला टक्का समजतो. सिव्हिल हॉस्पिटलला दाखल्याचे डॉक्टर कुठल्या वारी बसतात ते विचारायला सकाळी सातारला जातात, म्हणजे तेवढा वेळ ओसरी मोकळी असते. ठाण्यातल्या ताई, तुम्ही म्हणालात तसे तास मोजले होते. आठवड्याचे सत्तर भरले. ह्या आठवड्यात दोन खेपा सातारच्या आणि एक तलाठ्याकडची, तेवढे वजा.

भावाला विचारूनच सगळं चाललंय. दाखल्यावर "मानसिक" लिहितात का, असं त्याने विचारलं. लिहितात म्हटलं. विचार करतो म्हणाला. अण्णांनी फोटो मागितला तो अजून दिलेला नाही.

इंजेक्शनचं अजून ठरलेलं नाही. येत्या गुरुवारी डॉक्टरांकडे आहे, आणि खोलीत तो एकटा जाणार आहे, मी बाहेर. सहा ते सात, सासरी मी "क्लास आहे" म्हणून सांगितलं. नवऱ्याने विचारलं, कसला? म्हटलं, शिवणाचा. आता एक ब्लाउज शिवून दाखवावा लागणार. कुणाकडे चांगला कटिंगचा व्हिडिओ असेल तर व्यनि (खाजगी निरोप) करा.